चांदी मुंबईकडे निघाली, डॉलरची नोट बदलली

वाचकांचे प्रश्न : जुन्या परदेशी नोटा

गेल्या अंकात मी अमेरिकेच्या मोठ्या आकाराच्या नोटांवर लिहिलं होतं. १९२९ च्या जुलैपर्यंत तिकडे जी नोट चालायची ती सुमारे १९ सेंटिमीटर लांब आणि ८ सेंटिमीटर रुंद, म्हणजे आजच्या डॉलरपेक्षा चांगली तीन सेंटिमीटर लांब. चांदीच्या ठेवीवरची नोट, सोन्याच्या ठेवीवरची नोट, सरकारच्या नुसत्या शब्दावरची नोट, फेडरल रिझर्व्हची, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेची नोट आणि गावोगावच्या बँकांची नोट, असे सगळे प्रकार एकाच वेळी बाजारात फिरत होते. त्या लेखावर ठाणे, नवी मुंबईकडून पुष्कळ पत्रं आली. बँकेच्या परकीय चलन विभागात माझी नोकरी झाली आणि नौपाड्यातल्या घरात या नोटा जमवण्यात पुढची वर्षं गेली, त्यामुळे या विषयावर कोणी काही विचारलं की मला मनापासून आनंद होतो. निवडक पत्रांना इथे उत्तरं देते आहे.

ताई, आमचे पणजोबा संगमेश्वरकडचे, मुंबईहून सुटणाऱ्या बोटींवर खलाशी होते. गावचं घर उतरवताना त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत एक डॉलरची मोठी नोट सापडली. पुढे डाव्या बाजूला वॉशिंग्टन, मधोमध ‘फेडरल रिझर्व्ह बँक ऑफ न्यूयॉर्क’, निळा शिक्का, साल १९१८. मागे हिरव्या रंगात झेंडा घेऊन उडणारा गरुड. घड्या पडल्या आहेत, कोपऱ्यात टाचणीची भोकं आहेत. भाऊ म्हणतो लॅमिनेट करू. हिची किंमत काय येईल?
— स. म., कळवा

आधी भावाला थांबवा. लॅमिनेशनची गरम पट्टी कागदाला कायमची चिकटते. ती काढायला गेलं तर शाई निघते, आणि नाही काढली तर जाणकार माणूस नोट हातातही घेत नाही. इस्त्री नको, खोडरबर नको, घडीवर सेलोटेप तर मुळीच नको.

किमतीचं थोडक्यात सांगते. न्यूयॉर्कची ही नोट त्यातल्या त्यात जास्त सापडणारी. घड्या आणि भोकं धरून ही काही हजार रुपयांची गोष्ट आहे, लाखांची नाही. पण तुमच्या हातात जे आलं आहे त्याचं मोल मला वेगळ्या कारणासाठी वाटतं. ही नोट छापली गेली याला आपली मुंबई कारण आहे.

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून धान्य, ताग, कातडी असा प्रचंड माल बाहेर गेला. त्याचे पैसे इथे रुपयांत चुकते करायचे होते. रुपया तेव्हा चांदीचा होता आणि लोकांचा विश्वास बंद्या रुपयावर. हातात आलेला रुपया घरात, मडक्यात, दागिन्यांत जाऊन बसायचा, परत बाजारात यायचा नाही. चांदी महागली, टाकसाळींना पुरेना. म्हणून तर ३० नोव्हेंबर १९१७ ला सरकारने पंचम जॉर्जच्या चित्राची एक रुपयाची कागदी नोट काढली, आणि पुढच्या जानेवारीत अडीच रुपयांची. तरी लोक नोटा घेऊन खजिन्याच्या दारात उभे राहायचे आणि चांदी मागायचे. १९१८ च्या वसंतात सरकारच्या तिजोरीतली चांदी तळाला गेली. नोटेवर दिलेलं वचन मोडायची वेळ येऊन ठेपली होती.

ब्रिटनने मग अमेरिकेपुढे हात पसरला. अमेरिकेच्या तिजोरीत चांदीचे डॉलर ढिगाने पडून होते. पण अडचण अशी होती की ते डॉलर मोकळे नव्हते. त्यांच्या जोरावर एक आणि दोन डॉलरच्या ‘सिल्व्हर सर्टिफिकेट’ नोटा लोकांच्या खिशात होत्या. नोट आणा, चांदीचा डॉलर घेऊन जा, असं त्या नोटेवरच छापलेलं. डॉलर वितळवायचे तर तेवढ्या नोटा आधी मागे घ्यायला हव्यात, आणि रोजच्या व्यवहारात त्यांच्या जागी दुसरं काहीतरी द्यायला हवं. नेवाडा हे चांदीच्या खाणींचं राज्य. तिथले सिनेटर की पिटमन यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा २३ एप्रिल १९१८ ला झाला. पस्तीस कोटी डॉलरपर्यंत नाणी वितळवायची परवानगी त्यात होती. प्रत्यक्षात सुमारे सत्तावीस कोटी वितळली. त्यातल्या जवळजवळ सव्वीस कोटी डॉलरची चांदी, औंसाला एक डॉलर या भावाने, हिंदुस्थानसाठी ब्रिटनला विकली गेली. मुंबई आणि कलकत्त्याच्या टाकसाळींत तिचे रुपये पडले.

आणि मागे घेतलेल्या नोटांची जागा भरायला जी छापली, ती तुमची हिरव्या गरुडाची नोट. तिच्या मागे चांदी नाही, सरकारी कर्जरोखे आहेत, आणि तसं तिच्यावर लिहिलं आहे. भिंग घेऊन पुढची बाजू नीट वाचा, त्यात २३ एप्रिल १९१८ या कायद्याची तारीखही सापडेल. सह्या चार आहेत : दोन वॉशिंग्टनच्या अधिकाऱ्यांच्या, दोन न्यूयॉर्कच्या बँकेच्या. अशा बारा बँकांनी ही नोट काढली. याच मालिकेतली दोन डॉलरची नोट मागच्या बाजूला युद्धनौका असलेली, तिच्यासाठी संग्राहक बरेच जास्त पैसे मोजतात.

आता घरात एक काम करा. देव्हाऱ्यात किंवा लक्ष्मीपूजनाच्या डब्यात राजाछाप बंदा रुपया असेल तर साल बघा. १९१८ किंवा १९१९ असेल तर मागच्या बाजूला खालच्या कमळाखाली बारीक टिंब आहे का तेही बघा. टिंब असेल तर तो मुंबईच्या टाकसाळीचा, नसेल तर कलकत्त्याचा. त्यात अमेरिकेच्या डॉलरची चांदी असण्याचा संभव चांगलाच आहे. नोट आणि रुपया एकाच पाकिटात नको, पण एकाच खणात जरूर ठेवा. पणजोबा कुठल्या बोटीवर होते, कुठल्या साली, हे घरातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या माणसाकडून ऐकून कागदावर उतरवून त्याच खणात ठेवा. मी तुमच्या जागी असते तर ही नोट विकली नसती.

मॅडम, ऐरोलीच्या स्मारकात बाबासाहेबांचे न्यूयॉर्कच्या दिवसांतले फोटो पाहिल्यापासून डोक्यात एक प्रश्न आहे. ते कोलंबिया विद्यापीठात शिकत होते तेव्हा त्यांच्या हातात कोणत्या नोटा आल्या असतील? त्या काळातली एखादी नोट मला घ्यायची आहे.
— प्र. का., ऐरोली

हे पत्र वाचून मी लगेच अल्बम काढून बसले. बाबासाहेब १९१३ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कला पोचले आणि १९१६ मध्ये लंडनला गेले. त्या तीन वर्षांत एक डॉलरची जी नोट सर्रास हातात यायची ती १८९९ च्या मालिकेची चांदीची नोट. मध्यभागी पंख पसरलेला काळा गरुड, त्याच्या खाली लिंकन आणि ग्रँट यांची छोटी चित्रं. साल १८९९ छापलेलं असलं तरी ही नोट पुढे वीसेक वर्षं छापली जात होती, त्यामुळे तुमची नोट कोणत्या वर्षांतली ते सह्यांवरून ठरतं. या एका नोटेवर सह्यांच्या अकरा जोड्या आहेत.

आणि तुम्हाला सांगायची खरी गोष्ट या सह्यांमध्येच आहे. दोन सह्यांपैकी एक ‘रजिस्टर ऑफ द ट्रेझरी’ या अर्थखात्याच्या (ट्रेझरीच्या) अधिकाऱ्याची, दुसरी खजिनदाराची. त्या काळात रजिस्टरच्या पदावर कृष्णवर्णीय माणूस नेमायची रीत पडली होती. १८९८ पासून जडसन लायन्स, मग विल्यम व्हर्नन, मग जेम्स नेपियर. म्हणजे गुलामगिरी संपून पन्नास वर्षंही झाली नव्हती, मिसिसिपी-जॉर्जियात कृष्णवर्णीयांना मतपेटीपर्यंत जाऊ देत नव्हते, आणि त्याच देशातला प्रत्येक गोरा माणूस खिशात कृष्णवर्णीय अधिकाऱ्याची सही घेऊन फिरत होता. नेपियर नॅशव्हिलचे वकील. १९१३ मध्ये अध्यक्ष विल्सन यांचं सरकार आलं आणि ट्रेझरीच्या इमारतीत रंगावरून लोकांच्या बसायच्या, जेवायच्या जागा, स्वच्छतागृहं वेगळी करायला सुरुवात झाली. नेपियर यांनी ते मानलं नाही, राजीनामा दिला. त्यांच्या जागी चॉक्टॉ जमातीचे गेब पार्कर आले आणि १९१५ मध्ये चेरोकी जमातीचे ह्यूस्टन टीही.

बाबासाहेब न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरले ते नेमकं नेपियर यांच्या राजीनाम्याच्या वर्षी, १९१३ मध्ये. नेपियर यांच्या सहीच्या नोटा तेव्हा बाजारात होत्याच. त्या सहीची नोट त्यांच्या हातून गेली असेल हे मला अगदी सहज पटतं.

शोधताना क्रम असा ठेवा. टीही आणि बर्क ही जोडी सहज मिळते आणि १९१५ नंतरची आहे, तिच्यापासून सुरुवात करा. पार्कर आणि बर्क त्याच्या आधीची. नेपियर आणि मॅक्लंग ही जोडी थोडी महाग, पण तुमच्या मनात जे आहे त्यासाठी हीच घ्यावी. नेपियर आणि थॉम्प्सन ही जोडी मात्र सोडून द्या. थॉम्प्सन खजिनदार म्हणून चार महिन्यांहून थोडेच जास्त होते, त्यामुळे ती फार दुर्मीळ आणि तिची किंमत आपल्या आवाक्याबाहेरची. विक्रेत्याने सह्या सांगितल्या तरी मोठा फोटो मागून स्वतः वाचा. जेम्स सी. नेपियर ही सही वळणदार पण स्पष्ट वाचता येते.

काकू, मुलगी अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला असते, डिसेंबरात तिच्याकडे जाते आहे. तुमच्या लेखात ‘गावोगावच्या बँकांच्या नोटा’ असं वाचलं. एडिसनची नोट मिळेल का? जावयांना भेट द्यायची आहे.
— वि. जो., घोडबंदर रोड

एडिसनची मिळणार नाही, कारण तेव्हा एडिसन नावाचं गाव नव्हतं. त्या भागाला १९५४ पर्यंत रॅरिटन टाउनशिप म्हणत. पण शेजारच्या न्यू ब्रन्सविकची मिळू शकते. तिथल्या ‘नॅशनल बँक ऑफ न्यू जर्सी’ने नोटा काढल्या होत्या.

ही ‘नॅशनल बँक नोट’ माझ्या फार आवडीची आहे. १८६३ पासून १९३५ पर्यंत बारा हजारांहून जास्त बँकांनी त्या काढल्या. छापायचा बहुतेक वॉशिंग्टनचा सरकारी छापखाना, पण नोटेवर मोठ्या अक्षरांत बँकेचं नाव, गाव, राज्य आणि त्या बँकेचा सनद क्रमांक. सुट्या न केलेल्या तावांचे गठ्ठे बँकेत यायचे, तिथले कॅशियर आणि अध्यक्ष सह्या करायचे आणि मग नोटा कापायच्या. कुठे शाईच्या टाकाने केलेली सही दिसते, कुठे रबरी शिक्का, कुठे छापील. टाकाची सही असेल तर ती काळाबरोबर तपकिरी होते, आणि भिंगाखाली टाक कुठे टेकला, कुठे उचलला तेही कळतं. एखाद्या लहान गावाच्या कॅशियरने संध्याकाळी बसून केलेली ती सही बघताना मला बँकेतले माझे स्वतःचे दिवस आठवतात, व्हाउचरवर सह्या करून बोटं दुखायची ते.

तुम्ही १९०२ ची मालिका बघा. पाच डॉलरवर बेंजामिन हॅरिसन, दहावर मॅकिनली, वीसवर ह्यू मॅक्युलक. लाल शिक्क्याच्या कमी, म्हणून महाग. निळ्या शिक्क्याच्या आणि मागे तारखा नसलेल्या सर्वांत स्वस्त. किंमत पाच-दहाच्या आकड्यापेक्षा गाव किती लहान यावर ठरते. मोठ्या शहरातल्या बँकेची नोट परवडते. ज्या गावाच्या दोन-तीनच नोटा उरल्या, तिथली लिलावाशिवाय मिळत नाही. न्यू जर्सीत जुन्या नोटांचे मेळावे भरतात, लेकीला आधीच चौकशी करायला सांगा. पावती घ्या आणि परत येताना नोट हातातल्या पिशवीत, पुठ्ठ्यात ठेवून आणा.

१९२२ ची दहा डॉलरची सोन्याची नोट एक जण विकतो आहे. म्हणतो, ‘ही दाखवली की अमेरिकेची बँक आजही सोनं देते.’ खरं का?
— रा. शि., डोंबिवली

नाही. ज्याने हे सांगितलं त्याच्याकडून नोट घेऊ नका.

नोट खरी असू शकते. दहा डॉलरच्या सोन्याच्या नोटेवर मायकल हिलेगस यांचं चित्र, आणि मागची बाजू नारिंगी-सोनेरी. ती बघितली की डोळे निवतात, हे मी मान्य करते. पण एप्रिल १९३३ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या आदेशाने लोकांकडची सोन्याची नाणी आणि या नोटा सरकारजमा करायला लावल्या. त्यानंतर ३१ वर्षं अमेरिकी माणसाला ही नोट जवळ बाळगणंही बेकायदा होतं. १९६४ मध्ये ती बंदी उठली, पण सोनं द्यायचं वचन काही परत आलं नाही. आज ती दर्शनी किमतीला दहा डॉलर, आणि संग्राहकाला त्याहून खूप जास्त. एवढंच.

याच संदर्भात आणखी एक सावधगिरी. १९०० च्या मालिकेची दहा हजार डॉलरची सोन्याची नोट कोणी थोडक्या पैशांत देऊ करेल. डिसेंबर १९३५ मध्ये वॉशिंग्टनच्या एका टपाल इमारतीला आग लागली. आतले रद्द केलेल्या नोटांचे गठ्ठे खिडकीतून रस्त्यावर फेकले गेले आणि लोकांनी ते उचलून नेले. आज फिरतात त्या बहुतेक त्यातल्याच. त्यांना दर्शनी किंमत शून्य, आणि कागदोपत्री त्या अजून अमेरिकी सरकारच्या मालमत्ता आहेत. दहा हजारांच्या आकड्याला भुलू नका.

मी अकरावीत आहे. गणपतीत आणि दिवाळीत मिळालेले पैसे साठवले आहेत. बायसनवाली किंवा इंडियन चीफवाली नोट घेऊ का?
— आ., वाशी

थांब थोडी. १९०१ ची दहा डॉलरची बायसनची नोट आणि १८९९ ची पाच डॉलरची, लाकोटा प्रमुख रनिंग अँटिलोप यांची नोट, या दोन सगळ्यांनाच हव्या असतात आणि म्हणून त्यांच्या खोट्या प्रतीही सगळ्यांत जास्त. (रनिंग अँटिलोप यांच्या डोक्यावर जो पिसांचा टोप कोरला आहे तो त्यांच्या जमातीचा नाही, पॉनी लोकांचा आहे. ज्या माणसाचा मान म्हणून चित्र घ्यायचं त्याला परक्याचा टोप घालायचा, हे मला अजून खटकतं.)

तू १९२३ ची एक डॉलरची चांदीची नोट घे. निळा शिक्का, मधोमध वॉशिंग्टन. वापरलेली पण धड असलेली शंभर डॉलरच्या आत मिळते. आणि ती वरच्या कळव्याच्या पत्राशी जोडलेली आहे : १९२१ पासून अमेरिकेने पुन्हा चांदीचे डॉलर पाडले, हिरव्या गरुडाच्या नोटा मागे घेतल्या आणि चांदीच्या नोटा परत आल्या. तीच ही.

घेताना तीन गोष्टी बघ. कागदात लाल-निळे रेशमी धागे असतात, ते छापलेले नसून कागदात रुतलेले हवेत. सुईच्या टोकाने हलकेच जाणवतात, पण विक्रेत्याला विचारल्याशिवाय सुई लावू नको. दुसरं, चित्रातल्या रेषा भिंगाखाली अखंड आणि कडक दिसायला हव्यात, ठिपक्यांच्या असतील तर ती प्रिंटरवरची. तिसरं, अल्ट्राव्हायोलेट टॉर्च : जुना चिंधीचा कागद मंद राहतो, आजचा कागद निळा चमकतो. नोट जुनी आहे पण फारच गुळगुळीत आणि पांढरी दिसते, छपाईचा उठाव बोटाला लागत नाही, तर ती धुऊन दाबलेली. तिची किंमत मळक्या पण अस्पर्श नोटेपेक्षा कमी.

ग्रेडिंग कंपनीच्या, म्हणजे नोटेचा दर्जा ठरवून देणाऱ्या कंपनीच्या, सीलबंद पाकिटातली घेतलीस तर त्यावरचा क्रमांक कंपनीच्या साइटवर टाकून फोटो जुळवून बघ. आणि पैसे घरच्यांच्या बँक खात्यातूनच जाऊ देत, कुणाच्या तरी वैयक्तिक नंबरवर नाही.

नेरूळला खाडीजवळ राहतो. पावसाळ्यात कपड्यांना बुरशी येते, नोटांचं काय?
— म. प., नेरूळ

पीव्हीसीचे मऊ, वास येणारे अल्बम आजच काढून टाका. ते वर्षा-दोन वर्षांत घाम सोडतात आणि नोट चिकट हिरवट होते. पॉलिएस्टरची कडक, बिनवासाची पाकिटं घ्या. डांबरगोळ्या नोटांच्या डब्यात नकोत. बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं लोखंडी कपाट टाळा, भिंतीची ओल तिथेच उतरते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, निळ्याच्या गुलाबी झाल्या की बदला. जूनच्या आधी एकदा आणि नवरात्रात एकदा सगळं बाहेर काढून, पंख्याखाली, उन्हात नाही, हात धुऊन आणि कोरडे करून बघा. कसर लागलेली एखादी नोट दिसली तर ती लगेच वेगळ्या पाकिटात काढा, बाकीच्यांबरोबर परत ठेवू नका.